डोंगरातल्या बुरशीचा नमुना कसा गोळा करतात? आणि नुसता फोटो का पुरत नाही?

चीनच्या नैऋत्य भागात युन्नान हा डोंगराळ प्रांत आहे. तिथल्या काही खेड्यांमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पावसाळ्यात माणसे अचानक मरत होती. महिने साधारण जून ते ऑगस्ट, गावांची उंची १,८०० ते २,४०० मीटर. धडधाकट माणूस चालताबोलता कोसळायचा. कधी कधी एकाच घरातले दोघे-तिघे जायचे. तीसेक वर्षांत असे सुमारे ४०० मृत्यू झाले.

चीनच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पथकाने काही वर्षे तपास केला आणि २०१०मध्ये एका लहानशा पांढऱ्या अळंबीवर संशय व्यक्त केला. ही अळंबी बाजारात कोणी घेत नसे. त्यामुळे गावकरी विकण्याजोग्या अळंब्या बाजारात न्यायचे आणि ही घरच्या जेवणात जायची. पुढचा प्रश्न होता की ही नेमकी कोणती? उत्तर मिळाले नाही, कारण विज्ञानाकडे तिची नोंदच नव्हती. जंगलातून नमुने आणून, वाळवून, तपासून २०१२मध्ये तिला ‘ट्रोजिया व्हेनेनाटा’ हे नाव देण्यात आले. सगळे मृत्यू हिच्यामुळेच झाले का, यावर पुढच्या संशोधकांनी शंकाही घेतल्या आहेत. पण शंका घ्यायची तरी ती कोणत्या जातीवर, हे त्या नमुन्यांमुळेच ठरले.

आपल्याकडे सह्याद्रीत पहिला पाऊस पडला की व्हॉट्सअ‍ॅपवर छत्र्यांचे फोटो फिरू लागतात. ‘हे कोणते?’, ‘खाता येते का?’ हे दोन प्रश्न ठरलेले असतात. त्यातल्या बहुतेक फोटोंवरून प्रामाणिक उत्तर देता येत नाही. का देता येत नाही आणि देता येण्यासाठी काय करावे लागते, ते इथे पाहू.

दिसते ते फक्त फळ

जमिनीवर दिसणारी छत्री म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. खरी बुरशी मातीत, कुजणाऱ्या लाकडात किंवा झाडाच्या मुळांभोवती बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात वर्षभर जगत असते. हवा, ओल आणि तापमान जुळले की ती फळ वर काढते. त्या फळातून बीजाणू उडतात. काम झाले की फळ सडते, सुकते किंवा किड्यांच्या पोटात जाते. काही नाजूक छत्र्या सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत वितळलेल्या असतात. लाकडावरच्या कडक बुरश्या मात्र महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षे टिकतात.

झाडाचा अभ्यास करणारा माणूस यंदा फूल हुकले तर पाने पाहून काम भागवू शकतो. अळंबीच्या अभ्यासकाला ती सोय नाही. शिवाय जगात बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींनाच नावे मिळाली आहेत, तर २०१७मधल्या एका अंदाजानुसार एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. म्हणजे डोंगरात भेटलेल्या बुरशीचे नाव कुठल्याच पुस्तकात नसणे, ही शक्यता चांगलीच मोठी आहे.

फोटोत काय येत नाही?

बागेत, हिरवळीवर, गुरांच्या कुरणात पावसाळ्यात एक मोठी पांढरी छत्री उगवते. तिचे नाव ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस’. ती विषारी आहे. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. खाण्यायोग्य मानल्या जाणाऱ्या काही छत्र्यांसारखीच ती दिसते. कोवळी असताना छत्रीखालच्या पातळ पट्ट्याही पांढऱ्याच असतात. फरक असतो तो बीजाणूंच्या रंगात. हिचे बीजाणू हिरवट असतात आणि छत्री पक्व झाल्यावरच ते कळते. वरून काढलेल्या सुंदर फोटोत हा रंग येणे शक्य नाही.

भीमाशंकरच्या जंगलात रात्री चमकणाऱ्या बुरशीचेही असेच आहे. दर पावसाळ्यात तिचे व्हिडिओ हजारोंनी पाहिले जातात. पण बहुतेक चित्रांत दिसतो तो अंधार आणि हिरवी चमक. अनेकदा चमकत असते ते लाकडात पसरलेले तंतूंचे जाळे, आणि नुसत्या जाळ्यावरून डोळ्यांनी जात ओळखता येत नाही. ते लाकूड कोणत्या झाडाचे होते, दिवसा तिथे एखादी छोटी छत्री उगवली होती का, हे कोणी लिहून ठेवत नाही. पाहिले सगळ्यांनी, नोंद मात्र शून्य.

फोटो निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. ताजा रंग वाळल्यावर उडतो, आकार आक्रसतो, त्यामुळे फोटो हवाच. फक्त तो वरून एक, बाजूने एक, खालून एक आणि उभी कापून एक असा हवा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. नाणे किंवा पेन ठेवले तरी चालते. हात धरून काढलेल्या फोटोत मात्र आकाराचा अंदाज फसतो.

जंगलात

सामान फार लागत नाही. एक चाकू, एक लहान खुरपे, पसरट टोपली किंवा कडक डबा, मेणकागद किंवा वर्तमानपत्र, भिंग, पेन्सिल आणि वही. पेन्सिल अशासाठी की सह्याद्रीतल्या पावसात शाई टिकत नाही. प्लॅस्टिकची पिशवी मात्र नको. तिच्यात अळंबी घामेजते आणि घरी पोहोचेपर्यंत तिचा लगदा होतो. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळायचा, कारण दोन जाती एकत्र आल्या की एकीचे बीजाणू दुसरीवर बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली घोटाळा होतो.

सगळ्यात मोठी चूक तोडण्यातच होते. भाजीची मेथी खुडावी तशी छत्री वरच्यावर खुडली तर तिचे बूड जमिनीतच राहते. जगातल्या सर्वांत घातक छत्र्या ‘अमानिटा’ या गटातल्या आहेत. त्यातल्या अनेकांच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते आणि ती बहुधा मातीत दडलेली असते. वाटी गेली तर ओळखीची मोठी खूण गेली. म्हणून खुरप्याने बाजूची माती सैल करून संपूर्ण फळ बुडासकट उचलायचे.

वारुळावरच्या अळंबीत तर खरी गंमत मातीखालीच आहे. गोव्यात तिला रोयण अळमी म्हणतात, विदर्भात सात्या. ही ‘टर्मिटोमायसीस’ या प्रजातीतली बुरशी. वाळवी आपल्या घरट्यात तिची शेती करते आणि पावसात तिची छत्री जमीन फोडून वर येते. तिच्या देठाला खाली मुळासारखा लांब शेपटा असतो, तो थेट वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. तो शेपटा नमुन्यात असेल तर अभ्यासकाचे निम्मे काम सोपे होते. तो तुटला, तर ती वारुळावरची की शेजारच्या पालापाचोळ्यातली, इथपासून वाद.

एकाच जातीची कोवळी, मधली आणि पक्व अशी तीन-चार फळे घेणे चांगले. सगळी उचलायची नाहीत. एकच फळ असेल तर आधी आजूबाजूला नीट पाहायचे. पालापाचोळ्याखाली भावंडे सापडतात.

मग वही. यात नवखा माणूस कंटाळा करतो आणि इथेच नमुन्याची किंमत ठरते. अळंबी कशावर होती? मातीवर, शेणावर, पडलेल्या फांदीवर की जिवंत खोडावर? फांदी कोणत्या झाडाची? हिमालयात हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. देवदार, चीड आणि बांज यांच्या मुळांशी अनेक बुरश्यांचे लग्न लागलेले असते. बुरशी झाडाला पाणी आणि खनिजे मिळवून देते, झाड तिला साखर पुरवते. ठरावीक बुरशी ठरावीक झाडांखालीच सापडते. वहीत ‘देवदाराखाली’ एवढा एक शब्द असला तरी पुढे शेकडो जाती बाद करता येतात. भीमाशंकर-महाबळेश्वरकडे अंजनी, जांभूळ, हिरडा यांची जंगले आहेत. झाड ओळखता आले नाही तर त्याचे पान नमुन्यासोबत ठेवावे.

डोंगरात उंचीची नोंद टाळता येत नाही. एकाच उतारावर काही शे मीटर वर गेले की झाडे बदलतात, धुके बदलते आणि बुरशीही बदलते. फोनमधले जीपीएस अक्षांश-रेखांश बरे देते, पण उंचीत चुकते, विशेषतः दरीत. म्हणून उंची नकाशावरून पडताळून घ्यावी. ‘भीमाशंकर’ एवढेच लिहिणे म्हणजे पत्त्यावर ‘पुणे’ लिहिण्यासारखे आहे.

वाससुद्धा लिहायचा. काही अळंब्यांना बदामाचा वास येतो, काहींना मुळ्याचा, काहींना पिठाचा. कापल्यावर गर निळा पडतो का, चीक येतो का, हेही जागेवरच पाहायचे. दोन तासांनी यातले काहीच उरत नाही. चाखून पाहण्याची पद्धत अभ्यासकांत आहे, पण हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये. ‘अमानिटा’मधल्या विषाची लक्षणे बहुतेकदा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर यकृतावर परिणाम सुरू झालेला असतो. हे विष शिजवूनही जात नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी

दमून आल्यावर ‘उद्या बघू’ म्हटले की नमुना गेलाच. पहिले काम बीजाणूंचा ठसा. छत्रीचा देठ कापायचा, टोपी पट्ट्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालायची. कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असला तर फिकट बीजाणूही दिसतात. रात्रभरात कागदावर पट्ट्यांची नक्षी उमटते. कधी पांढरी, कधी गुलाबी, कधी गंजासारखी तपकिरी, कधी चॉकलेटी. वर उल्लेख आलेली हिरवळीवरची विषारी छत्री इथे पकडली जाते, कारण तिचा ठसा हिरवट उमटतो. हा ठसा टाकून द्यायचा नाही. तो नमुन्याचाच भाग आहे.

दुसरे काम वाळवण्याचे. चाळीस ते पंचेचाळीस अंश सेल्सिअस उष्णता आणि खेळती हवा, ही साधारण ठरलेली पद्धत. फळे सुकवायच्या विजेच्या ड्रायरमध्ये हे छान होते. उष्णता फार वाढली तर अळंबी शिजते, पेशी बिघडतात, डीएनए तुटतो. कमी पडली तर ती सडते किंवा तिच्यावरच दुसरी बुरशी चढते. कोकणातल्या जुलैमध्ये नुसत्या पंख्याखाली अळंबी वाळत नाही. वाळलेला नमुना बिस्किटासारखा कडक मोडला पाहिजे.

पावसाशी ही झटापट जुनी आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८४८ ते १८५०च्या काळात दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांत हिंडत होता. झाडांबरोबरच तो बुरश्याही गोळा करत असे. त्या वाळवून, सोबत रंगांची टिपणे आणि चित्रे जोडून इंग्लंडला माइल्स जोसेफ बर्कली याच्याकडे पाठवल्या गेल्या. बर्कली हा पेशाने पाद्री होता आणि त्या काळातला बुरशीचा सर्वांत मोठा जाणकार. हिमालय त्याने पाहिलेलाही नव्हता. तरी त्याने या पुडक्यांवरून कितीतरी नव्या जाती वर्णन केल्या, कारण वाळलेल्या तुकड्यात जे नव्हते ते हूकरच्या कागदांवर होते. ठिकाण, फुटांमधली उंची, ताजा रंग. ‘कॉर्टिनॅरियस इमोडेन्सिस’ या खाल्ल्या जाणाऱ्या मोठ्या अळंबीची स्थानिक नावेही हूकरने टिपून घेतली होती.

बर्कलीचा संग्रह पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानात गेला. तिथे आज साडेबारा लाखांहून अधिक वाळलेल्या बुरश्या आहेत. दार्जिलिंगच्या एखाद्या अळंबीला आज नवी जात म्हणायचे असेल तर आधी तिथल्या जुन्या पुडीशी ताडून पाहावे लागू शकते. आपल्या डोंगरातला पुरावा सात समुद्रापार असण्याची ही अडचण भारतीय अभ्यासकांच्या पाचवीलाच पुजलेली आहे.

पुडीवरची चिठ्ठी

वाळलेला नमुना कागदाच्या घडीच्या पाकिटात जातो. पाकिटावर किंवा आत चिठ्ठी असते. समजा, चिठ्ठीवर असे लिहिले आहे: क्रमांक २७, तारीख १४ जुलै आणि वर्ष, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची ९५० मीटर, जांभळाच्या कुजलेल्या फांदीवर, सदाहरित जंगल, गोळा करणाऱ्याचे नाव. बुरशीचे नाव चुकले तरी हरकत नाही, ते पुढे कोणीही दुरुस्त करू शकतो. ठिकाण किंवा तारीख चुकली तर ती पुन्हा कोणालाच कळणार नाही. म्हणूनच नाव न ओळखता ठेवलेला पण चिठ्ठी पूर्ण असलेला नमुना हा, नाव लिहिलेल्या पण ठिकाण नसलेल्या नमुन्यापेक्षा मोलाचा असतो. वहीतला, पाकिटावरचा आणि फोटोंचा क्रमांक एकच हवा.

असे नमुने कायमचे जपणाऱ्या संग्रहालयाला हर्बेरियम म्हणतात. भारतात बुरशीचा मोठा राष्ट्रीय संग्रह दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आहे. त्याची सुरुवात १९०५मध्ये बिहारमधल्या पुसा येथे एडविन बटलर या शास्त्रज्ञाने केली. बटलर आणि गाय बिस्बी यांनी १९३१मध्ये भारतातल्या बुरश्यांची यादी पुस्तकरूपाने काढली, ती आजही संदर्भासाठी उघडली जाते. महाराष्ट्रात हे काम पुण्यात चालते. आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे. शोधनिबंधांत क्रमांकाआधी ‘एएमएच’ अशी अक्षरे दिसली की तो नमुना पुण्यातला समजावा. जिवंत बुरश्या सांभाळणारा राष्ट्रीय संग्रहही याच संस्थेत आहे. पाकिटात असते ती मेलेली बुरशी, तर तिथे काचेच्या नळ्यांत वाढत असते ती जिवंत.

नाव कसे ठरते?

वाळलेल्या तुकड्याचा केसाइतका पातळ काप घेऊन तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवतात. तो फुगतो आणि पेशी पुन्हा मूळ आकार घेतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंची लांबी-रुंदी मोजायची. हे बीजाणू बहुधा काही मायक्रोमीटरचे असतात आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एक मोजून भागत नाही, वीस-तीस मोजावे लागतात. आयोडीनच्या द्रावणात ते निळसर पडतात की तपकिरी, हीसुद्धा खूण आहे.

डीएनएची मदत अलीकडे मोठी झाली आहे. ‘आयटीएस’ नावाचा डीएनएचा एक तुकडा २०१२मध्ये बुरश्यांसाठी अधिकृत ओळखपट्टी म्हणून स्वीकारला गेला. त्यातून विचित्र गोष्टी कळतात. लंडनमधल्या संशोधकांनी २०१४मध्ये दुकानातून आणलेल्या सुक्या अळंबीच्या एका पाकिटाची अशी तपासणी केली. माल चीनचा होता. त्यात अशा तीन जाती निघाल्या ज्यांना तोवर नावच नव्हते. मात्र ही तुलना होते ती आधी नोंदवलेल्या नमुन्यांशीच. जुनी नोंद चुकीच्या नावाने असेल तर संगणकही तेच चुकीचे नाव सांगतो.

नवी जात जाहीर करताना एक मूळ नमुना निवडून हर्बेरियममध्ये ठेवावा लागतो आणि वर्णन प्रसिद्ध करावे लागते. २०१३पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावासाठी मान्यताप्राप्त ऑनलाइन नोंदणी क्रमांक घेणेही सक्तीचे आहे. पुढे कधी वाद झालाच, तर निकाल त्या मूळ पुडीकडे पाहूनच लागतो.

तोडल्याने बुरशी संपते का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे बऱ्यापैकी ठोस उत्तर स्वित्झर्लंडमधून मिळते. तिथे एका राखीव जंगलात १९७५पासून जवळपास तीन दशके काही पट्ट्यांतल्या अळंब्या तोडल्या गेल्या, काही पट्ट्यांतल्या तशाच ठेवल्या. पुढच्या उत्पन्नात फरक पडला नाही, कारण जाळे जमिनीत सुखरूप होते. फरक पडला तो पायांनी. जिथे माणसांची ये-जा होती तिथे अळंब्या कमी उगवल्या. भीमाशंकरला चमकणारी बुरशी पाहायला जाणाऱ्या जथ्यांनी हे वाचायला हरकत नाही. हिमालयातल्या कीडाजडीचा मामला मात्र वेगळा. तिथे अळीवर वाढलेली संपूर्ण बुरशी व्यापारासाठी उपटली जाते आणि ती आता जागतिक धोकायादीत आहे.

परवानगीचा मुद्दा वेगळाच. भीमाशंकर, कोयना, म्हादई ही अभयारण्ये आहेत. तिथून नमुना उचलायचा तर वन विभागाची लेखी परवानगी लागते, मग तो शेंगदाण्याएवढा का असेना. नमुना अभ्यासासाठी परदेशी पाठवायचा असेल तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. हौशी माणसासाठी सोपा मार्ग म्हणजे अभयारण्यात फक्त फोटो आणि टिपणे, आणि नमुना घ्यायचाच असेल तर मालकाला विचारून खासगी रानातला. फोटो ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर ठिकाण-तारखेसह टाकता येतात. इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो चार दिवसांनी कोणालाच सापडत नाही.

वहीचे मोल

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी परिसरात एका हौशी निरीक्षकाने १९५०पासून अळंब्या दिसल्या की लिहून ठेवल्या. कोणती, कुठे, कोणत्या तारखेला. त्याचा मुलगा अ‍ॅलन गँज पुढे शास्त्रज्ञ झाला. त्याने वडिलांच्या आणि इतरांच्या नोंदी एकत्र केल्या. ३१५ जातींच्या सुमारे ५२,००० नोंदी भरल्या. २००७मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष छापून आला. १९५०च्या दशकात शरद ऋतूतला अळंब्यांचा हंगाम सरासरी ३३ दिवसांचा होता, तो २०००च्या दशकात ७५ दिवसांचा झाला होता. हवामान बदलाचा हा पुरावा कोणत्याही यंत्राने नव्हे, तर तारखा लिहिणाऱ्या माणसांनी दिला.

सह्याद्रीत अशा तारखा लोकांच्या बोलण्यात आहेत. वारुळावरची अळंबी कोणत्या नक्षत्रात येते, कोणत्या बांधावर येते, कोणती आजी कोणत्या छत्रीला हात लावू देत नाही, हे गावोगाव माहीत असते. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत अळंबीसाठी पान उघडता येते. अळंबीचे गावातले नाव, उगवण्याची जागा, पहिल्यांदा दिसल्याची तारीख आणि शेजारी एका वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक.